पाडव्याआधी की पाडव्यानंतर?

२०२४ साली गुढीपाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ साली ३० मार्चला आणि २०२६ साली १९ मार्चला. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकायचं आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी घ्यायची, हा चांद्र पंचांगाचा शिरस्ताच आहे. २०२६च्या अधिक ज्येष्ठामुळे २०२७चा पाडवा पुन्हा ७ एप्रिलवर जातो. घरात भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असेल त्याला यात काही नवल नाही. पण पाडव्याची गुढी, दाराचं तोरण, चैत्रातल्या हळदीकुंकवाला लुटायचं वाण अशा वस्तू हातानं करून मोबाइलवरून विकायच्या म्हटलं, की सगळा धंदा या तारखांवर येऊन ठेपतो. पाडव्याच्या आदल्या रात्रीपर्यंत जिला भाव असतो ती छोटी गुढी दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी फुकटसुद्धा नेत नाही. दिवाळीचा आकाशकंदील निदान नाताळपर्यंत गॅलरीत लोंबकळत तरी राहतो.

ही छोटी गुढी आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. खाली लाकडी बैठक, तिच्यावर वीतभर काठी, काठीला पैठणीच्या काठाचं किंवा खणाचं वस्त्र, वर अंगठ्याएवढा तांब्या, शेजारी कापडी कडुनिंबाची डहाळी आणि पांढऱ्या मण्यांची गाठी. वेळूची उंच काठी फ्लॅटच्या खिडकीला बांधायची सोय नसते, सोसायटीची कुरकुर असते, म्हणून ती देव्हाऱ्याजवळ किंवा टीव्हीच्या टेबलावर बसते. पुण्या-ठाण्या-नाशकातल्या कितीतरी बायका माघ-फाल्गुनात घरबसल्या अशा गुढ्या करतात आणि इन्स्टाग्रामवर, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, मीशो-ॲमेझॉनवर विकतात. त्यांच्याच जोडीला खणाची तोरणं, चैत्रगौरीच्या झोपाळ्याची सजावट, कापडी कैऱ्यांच्या माळा.

मग हेच काम बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारला बसून का करता येऊ नये? इंटरनेट आहे, पोस्ट आहे, शिवणयंत्र घरोघर आहे. प्रश्न सरळ दिसतो. उत्तर शोधायला लागलं, की ते बाजाराच्या बाहेर, उसाच्या फडापर्यंत जातं.

शिरूर कासार सिंदफणेच्या काठी आहे. ही नदी शेजारच्या पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते आणि पुढे गोदावरीला मिळते. गाव तालुक्याचं ठिकाण झालं १९९९ साली. पश्चिमेला पाथर्डी, उत्तरेला गेवराई, दक्षिणेला बालाघाटाच्या रांगा. जिरायत जमीन, बेभरवशाचा पाऊस, आणि त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्या. याच मुलखातला वसंताचा जुना बाजार मात्र ऑनलाइनच्या कितीतरी आधीपासून भरतो आहे, आणि त्यातून आजच्या विक्रेत्याला शिकण्यासारखं आहे.

पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची समाधी आहे. तिथली यात्रा होळीला सुरू होते आणि पाडव्यापर्यंत चालते. मोठा दिवस रंगपंचमीचा, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमी. गाढवांच्या बाजारासाठी ही यात्रा राज्यभर प्रसिद्ध आहे, आणि प्रसाद म्हणून घरी न्यायची ती रेवडी. लगेच दुसऱ्या दिवशी, फाल्गुन वद्य षष्ठीला, पैठणला नाथषष्ठी. म्हणजे खेळणी, बांगड्या, कुंकू, रेवड्या विकणाऱ्याला लागोपाठच्या दोन तिथींना दोन मोठ्या यात्रा. इथे विकणारा गर्दीकडे जातो. माल त्याच्या डोळ्यांसमोर राहतो, गिऱ्हाईक तो हातात घेऊन, वाजवून, चाखून घेतं, आणि उरलासुरला माल परतीच्या वाटेवर पडत्या भावात निघून जातो. ऑनलाइनमध्ये यातलं काहीच नाही. विकणारा जागेवर बसतो आणि वस्तू एकटी प्रवासाला जाते. तेव्हा ती सुंदर आहे का, याच्याआधी विचारायचं ते प्रवासात टिकेल का.

या कसोटीवर वसंतातली सगळ्यात अस्सल हातवस्तूच पहिल्यांदा नापास होते. ती म्हणजे साखरेची गाठी. होळीला लहान पोरांच्या गळ्यात घालायच्या, भाच्यांना पाठवायच्या आणि पाडव्याला गुढीवर चढवायच्या या गाठ्या आजही बऱ्याच ठिकाणी हातानंच होतात. मोठ्या कढईत साखरेचा पाक उकळायला ठेवतात, त्यात थोडं दूध सोडून वर येणारी मळी काढतात. सागवानी लाकडाचे साचे पाण्यात भिजवून घेतलेले असतात. साच्याचे दोन भाग जुळवताना खोबणीतून दोरा ओवून ठेवतात. पाक हवा तसा आला की थोडा थोडा लहान भांड्यात घेऊन घोटतात आणि तो गढूळ दिसू लागला रे लागला की साच्यात ओततात. उशीर झाला तर भांड्यातच दगड होतो, घाई केली तर साच्यात बसतच नाही. काही मिनिटांत साचा उघडला की दोऱ्यात गुंफलेली पांढरी शुभ्र पदकं बाहेर येतात.

त्या घोटण्यात सगळी करामत आहे. २० अंश तापमानाला एका लिटर पाण्यात साधारण दोन किलो साखर विरघळते, उकळत्या पाण्यात पावणेपाच किलोच्या वर. उकळून आटवलेला पाक गार होऊ लागला, की पाण्याला पेलवत नाही इतकी साखर त्यात असते. ढवळलं नाही तर तो पाक काचेसारखा पारदर्शक घट्ट होऊ शकतो, गोळी-चॉकलेटातल्या गोळीसारखा. घोटलं, की साखरेचे असंख्य बारीक स्फटिक एकदम धरतात आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरल्यामुळे गाठी दुधासारखी पांढरी दिसते. हे कारागिराला कुणी शिकवलेलं नसतं, हाताला कळतं. पाक शंभर अंशांच्या बराच वर तापलेला असतो, त्यामुळे चुकीची किंमत भाजण्यात मोजावी लागते.

अशी गाठी शिरूरच्या कोरड्या फाल्गुनात आठवडेच्या आठवडे टणटणीत राहते. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास पोचली, की साखर हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाझरू लागते. मुंबई-कोकणातली पहाट किंवा उन्हात तापून रात्री गार होणारा, ओल धरलेला बंद खोका तिला पुरे होतो. त्यात ती ठिसूळ. चार ठिकाणी आपटत गेलेल्या पार्सलातून गाठी निघते ती दोरा आणि पिठी साखर. शिवाय ती खाण्याची वस्तू, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी, पाकिटावर घटक, वजन, तारीख, पत्ता, शाकाहारी असल्याची हिरवी खूण हवी. म्हणून शहरातल्या ऑनलाइन गुढीवर मण्यांची किंवा प्लास्टिकची गाठी बसते. मला ती आवडत नाही. पोरांनी पाडव्याच्या दुपारी गुढी उतरवायची वाट बघायची ती कशासाठी, जर गाठी फोडून खाताच येणार नसेल? पण विकणाऱ्या बाईंनी ती का लावली, हे समजण्यासारखं आहे.

पूर्व युरोपातल्या लोकांनी हा प्रवासाचा प्रश्न फार पूर्वी, नकळत सोडवून ठेवला. रोमानिया आणि मोल्दोवात १ मार्चला लाल-पांढऱ्या दोऱ्याचा छोटा गोंडा एकमेकांना देतात. त्याला मर्त्सिशोर म्हणतात, बल्गेरियात मार्तेनित्सा. वसंत आला म्हणून तो छातीशी किंवा मनगटाला बांधायचा आणि नंतर फुललेल्या झाडाच्या फांदीला अडकवायचा. २०१७ साली युनेस्कोनं या प्रथेला मानवी वारशाच्या यादीत स्थान दिलं. वजन काही ग्रॅम, तुटायची भीती नाही, साध्या पाकिटात मावतो. परदेशी गेलेली मुलंबाळं असली, की आई तो पत्रात घालून पाठवते. आपल्याकडे राखीला हे जमलं. गुढीला जमलेलं नाही, कारण गुढी मुळात उभी राहणारी वस्तू आहे.

उभी वस्तू महाग का पडते, याचा हिशेब फारच थोड्या नव्या विक्रेत्यांना आधी माहीत असतो. बहुतेक कुरिअर कंपन्या पार्सलचं खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५,००० नं भागायची, की किलो निघतात. फूटभर गुढीला ३५ बाय १५ बाय १५ चं खोकं लागतं असं धरू. गुणाकार ७,८७५, म्हणजे दीड किलोहून थोडं जास्त. गुढी तराजूत जेमतेम पाव किलो. पैसे पडतात पोकळ जागेचे. त्यात मधलं अंतर भरायला कागदाचे बोळे, बुडबुड्यांचं प्लास्टिक, आणि तरीही तांब्या निखळला तर गिऱ्हाईकाची तक्रार. म्हणून हुशार कारागीर काठी बैठकीपासून सुटी ठेवतात, घरी बसवायला लावतात, आणि खोकं चपटं करतात. खणाचं तोरण याच्या अगदी उलट. घडी घातली की पाकिटात जातं.

खणाबद्दल दोन शब्द इथे सांगायला हवेत, कारण मराठी वसंताच्या बाजाराचं निम्मं कापड तेच आहे. खण विणला जातो कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्ड गावी, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचं मोठं गिऱ्हाईक महाराष्ट्र. चोळीसाठी, ओटीसाठी त्रिकोणी घडी घालून ठेवलेला खण मराठवाड्यातल्या कुठल्याही कापडाच्या दुकानात मिळायचा. चोळी गेली आणि खण ओटीपुरता उरला होता. गेल्या काही वर्षांत तोरण, बटवे, फाइल, टेबलावरची पट्टी यांनी त्याला पुन्हा बाहेर काढलं, आणि त्या बदलात घरून विकणाऱ्या बायकांचा वाटा मोठा आहे. शिरूरहून पैठण जवळ, पण खरी पैठणी कापून तोरण करणं कुणाला परवडणार? बाजारात ‘पैठणीची गुढी’ म्हणून जे येतं ते बहुतेक यंत्रावर विणलेल्या काठाचं असतं. तसं स्पष्ट लिहून विकलं तर त्यात वावगं काही नाही.

हे स्पष्ट लिहिण्याचं प्रकरण जगभर गाजलेलं आहे. हातच्या वस्तूंसाठी २००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एत्सी नावाचं संकेतस्थळ सुरू झालं. मागणी वाढली तशी एकट्यादुकट्याला पुरी पडेना, म्हणून २०१३ साली त्यांनी बाहेरच्या कारखान्याकडून मदत घ्यायला परवानगी दिली आणि जुने विक्रेते खवळले. शेवटी २०२४ साली प्रत्येक वस्तूवर सांगावं लागेल असं ठरलं, की ती विक्रेत्यानं स्वतः बनवली आहे, फक्त तिची रचना केली आहे, की ती निवडून किंवा मागवून आणली आहे. घाऊक बाजारातून तयार गुढ्या आणून ‘हॅण्डमेड’ लिहून खपवणाऱ्यांनी आपल्याकडे हेच चालवलं आहे, आणि त्याचा फटका खरोखर सुई धरणाऱ्या बाईला बसतो, कारण फोटोत दोन्ही गुढ्या सारख्याच दिसतात.

सुई धरणाऱ्या हाताची किंमत काय? पहिलं माप रोजगार हमीचं घेऊ. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातला दर रोजचा ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९ रुपये. मण्यांचं, आरशांचं एक भरगच्च तोरण सहा तास घेत असेल, तर नुसती मजुरी २३४ रुपये झाली. त्यात खण, अस्तर, मणी, दोरा, पाकीट, पार्सल, पोर्टलचा वाटा आणि परत आलेल्या पार्सलांचं नुकसान. दारात पैसे देऊ म्हणणारं गिऱ्हाईक दार उघडत नाही तेव्हा पार्सल परत येतं, आणि पाडव्याचं पार्सल पाडव्यानंतर परत आलं तर ते पुढच्या वर्षापर्यंत पेटीत. एवढं सगळं धरून किंमत लावली, की ती यंत्रावरच्या तोरणाच्या दुपटी-तिपटीला जाते. बहुतेक घरगुती विक्रेत्या मग स्वतःचे तास हिशेबातून वगळून टाकतात. धंदा चालतो आहे असं वाटतं, पण त्यात चाललेली असते ती फुकटची मजुरी.

आता उसाच्या फडाकडे येऊ. शिरूर कासार तालुक्यातून टोळ्या दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत फडावरच्या कोप्या हेच घर. घरी राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे सोपवलेली शाळकरी पोरं. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळ्या परततात, म्हणजे पाडव्याच्या आगेमागे. त्या वर्षी ऊस किती आहे त्यावर ते ठरतं. गावात याच पाडव्याला सालगड्यांची वर्षं संपतात आणि नवे करार ठरतात. देणीघेणी, उचलीचा उरलेला बोजा, पोरीचं लग्न, सगळे हिशेब या काही दिवसांत मांडले जातात.

पाडव्याच्या वस्तूचं वेळापत्रक याच्याशेजारी ठेवून पाहा. कच्चा माल पौषात घ्यायचा, वस्तू माघात करायच्या, फाल्गुनाच्या पहिल्या पंधरवड्यात पाठवायच्या. म्हणजे ज्या महिन्यांत हे काम असतं, नेमक्या त्याच महिन्यांत ते करू शकणाऱ्या कितीतरी बायका फडावर मोळ्या बांधत असतात. बीड जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांचंही तेच. आरसे आणि कवड्या जडवलेल्या फेटिया-कांचळीची, म्हणजे घागरा-चोळीची, कला ज्यांच्या हातात आहे, त्यांचा मोठा सण होळी, लेंगी गायची ती होळीलाच, आणि त्यातली कितीतरी कुटुंबं ऐन होळीतसुद्धा कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत असतात. पाडव्याच्या गुढ्यांचा धंदा शिरूरच्या गावठाणातल्या, बाजारपेठेत दुकान असलेल्या किंवा नोकरदारांच्या घरच्या बायकांना जमेल. वाड्या-वस्त्यांवरच्या बचत गटाला तो जमत नाही, याचं कारण कौशल्य नाही आणि इंटरनेटही नाही. कारण तारखांचं आहे.

कुणी म्हणेल, मग गुढ्या उन्हाळ्यात करून ठेवा आणि पुढच्या पाडव्याला विका. तसं करता येतं, पण कापड, तांबे, मणी यांत घातलेले पैसे दहा महिने अडकतात, वस्त्र विटतं, बैठकीला वाळवी लागते, आणि शहरातली फॅशन तोवर बदललेली असते. ज्या घरात उचलीवर वर्ष निघतं त्या घराला दहा महिने पैसे अडकवून ठेवा असं सांगणं क्रूरपणाचं आहे. याला एक छोटा अपवाद पळसाच्या फुलांचा. फाल्गुनात बालाघाटाच्या उतारांवर पळस पेटतो, फुलं झाडाखाली पडतात, गोळा करायला पैसे लागत नाहीत आणि घरी राहिलेली म्हातारी माणसंही ती वेचू शकतात. सावलीत वाळवून कागदी पिशवीत भरली तर वर्षभर टिकतात. पाण्यात उकळली की त्यांतल्या फ्लॅव्होनॉइड वर्गातल्या रंगद्रव्यांमुळे केशरी-पिवळं पाणी मिळतं. तयार पातळ रंग पाठवण्यापेक्षा सुकी फुलं पाठवणं स्वस्त, सांडायची भीती नाही, आणि रंगपंचमीच्या आधी घरी पातेल्यात रंग उकळण्याची गंमत गिऱ्हाईकाला मिळते.

पण शिरूरच्या वाड्या-वस्त्यांसाठी मोठी वस्तू दुसरीच आहे, आणि ती पाडव्यासाठी केली जात नाही, पाडव्यानंतर केली जाते. ती म्हणजे गोधडी, इकडे वाकळही म्हणतात, आणि बाळासाठी तिचंच धाकटं रूप, दुपटं. सुगी संपलेली, शेतात काम नाही, दुपार लांबलचक, आणि ऊन असं की धुतलेलं लुगडं तासाभरात खडखडीत वाळतं. म्हणून गोधड्या चैत्र-वैशाखातच शिवल्या जातात. जुनी लुगडी, धोतरं उसवून, धुऊन, जमिनीवर ताणून पसरायची. खालचा पदर, त्यावर चिंध्यांचे थर, वर चांगल्या कापडाचा पदर. कडा दुमडून धावदोरा घालायला सुरुवात करायची ती काठाकडून, आणि चौकोनी फेरे मारत मध्याकडे यायचं. दोघी-तिघी समोरासमोर बसतात. एकीचा टाका बारीक, दुसरीचा लांब, आणि शिवून झालेली गोधडी पाहून कुठला कोपरा कुणाचा हे घरातल्यांना सांगता येतं. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते, आणि टाके जितके दाट तितके आतले तुकडे धुण्यात गोळा होत नाहीत.

एक अडचण मात्र गेल्या पन्नास वर्षांत उभी राहिली आहे. नऊवारी सुती लुगडी गेली आणि नायलॉन, पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्यांची गोधडी घसरते, घाम शोषत नाही, सुई जड जाते. शहरातलं गिऱ्हाईक बाळासाठी सूतच मागतं. म्हणजे विकायच्या दुपट्याला घरातल्या चिंध्या पुरत नाहीत, सुती कापड विकत आणावं लागतं, आणि मग आतलं कापड नवं की वापरलेलं हे सांगावंच लागतं. काही घरांना आजीच्या साडीचं मऊ दुपटंच हवं असतं, ती स्वतः साडी पाठवतात आणि शिवून मागवतात. ही पद्धत मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते, कारण कच्च्या मालात शिरूरच्या बाईचा एक पैसा अडकत नाही.

पार्सलच्या बाजूनंही दुपटं वरचढ ठरतं. घट्ट घडी घालून ३० बाय २५ बाय ६ सेंटिमीटरच्या पाकिटात बसलं, तर आकारमानाचं वजन ९०० ग्रॅम, खऱ्या वजनाच्या आसपासच. फुटत नाही, पाझरत नाही, आणि बारसं पंचांगातला कुठलाही एक महिना बघून येत नाही, त्यामुळे बाराही महिने खपतं.

विकायच्या वाटा सांगायला फार जागा नको. १९७५ साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, आणि ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे उमेद, या दोघांचे गट जिल्ह्यात आहेत. उमेदचं उमेदमार्ट आणि केंद्राचं ई-सरस ही गटांच्या मालाची पोर्टलं. खासगी पोर्टलवर पूर्वी पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालच्या छोट्या विक्रेत्याला पॅनवर नावनोंदणी करून तिच्याशिवाय विकता येतं, पण फक्त राज्यातल्या राज्यात. म्हणजे मुंबईला चालतं, हैदराबादला नाही. परदेशाचं आणखी अवघड झालं आहे. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली, तेव्हा आपल्या टपाल खात्याला तिकडची पार्सलं काही आठवडे बंदच ठेवावी लागली होती. न्यू जर्सीतल्या नातवाचं दुपटं पाठवण्याआधी त्या दिवशीचा नियम विचारून घ्यावा.

आणि पत्ता. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यात घोडनदीचं शिरूर आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे, शिरूर ताजबंद आहे. कच्चा माल मागवताना नुसतं ‘शिरूर’ लिहिलं तर खोकं पुणे जिल्ह्यात जाऊन बसू शकतं. अशा सारख्या नावांचा घोळ टाळायलाच १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाला, आणि तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृतातले नामवंत कवी होते. सहा आकडे नीट लिहिले की त्यांचे उपकार फिटले.

राहिला वेळेचा हिशेब. पट्टा पडून बाया घरी येतात तिथपासून मृगाची पेरणी सुरू होईपर्यंत मिळतात जेमतेम दोन महिने. समजा गटात दहा जणी आहेत, रोज दुपारचे तीन तास बसल्या, तर साठ दिवसांत १,८०० तास होतात. एका दुपट्याला १५ तास धरले, तर १२० दुपटी. तासाला ३९ रुपयांनी एका दुपट्याची मजुरी ५८५ रुपये आणि सगळ्यांची मिळून ७०,२०० रुपये, दहा जणींत प्रत्येकी सात हजार. ती हातात पडायला हवी पावसाळ्यातच, कारण मुकादम पुढच्या हंगामाची उचल घेऊन त्याच सुमारास दारात येतो.